तबेला आणि ‘इतर’

10 मार्च 1945 रोजी जपानच्या लष्करी मुख्यालयाने नेहमीच्या ठरीव भाषेत एक निवेदन काढले. मध्यरात्रीनंतर सुमारे 130 बी-29 विमानांनी टोकियोवर अंदाधुंद बॉम्बफेक केली, शहरात ठिकठिकाणी आगी लागल्या. त्यांपैकी राजघराण्याच्या तबेल्याची आग 2 वाजून 35 मिनिटांनी विझली आणि इतर आगी सकाळी 8 च्या सुमारास. शत्रूची 15 विमाने पाडली, पन्नासेक जायबंदी केली. मृतांचा आकडा नाही, एकाही वस्तीचे नाव नाही. घोड्यांच्या पागेला मात्र मिनिटासकट जागा मिळाली.

त्या ‘इतर’मध्ये काय काय कोंबले होते? आसाकुसा, होंजो, फुकागावा हे सुमिदा नदीच्या दोन्ही काठांवरचे गजबजलेले भाग. 41 चौरस किलोमीटर राख, 2 लाख 67 हजार इमारती खाक, 10 लाखांहून अधिक माणसे बेघर. मृतांची पोलिसांनी केलेली मोजणी 83,793 वर थांबली. पुढे बहुतेकांनी धरलेला आकडा सुमारे 1 लाखाचा. सगळे एका रात्रीत, तीनेक तासांत. हिरोशिमाला अजून पाच महिने अवकाश होता. निवेदनातली विमानांची संख्यासुद्धा निम्मीच होती: मारियाना बेटांवरून 334 विमाने उडाली आणि 279 विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले.

ही आग अमेरिकेने लावली, आणि ती अपघाताने पसरलेली नव्हती. हे आधी स्वच्छ सांगायला हवे, कारण पुढची सगळी चर्चा जपानी सरकारच्या वागणुकीची आहे आणि तिचा उपयोग कोणी अमेरिकेला सोडून देण्यासाठी करू नये. शहर जाळण्याची तयारी दोन वर्षे आधीपासून, अगदी पद्धतशीरपणे चालू होती. 1943 मध्ये युटाच्या वाळवंटात डगवे येथे अमेरिकी लष्कराने एक जपानी वस्ती उभी केली. लाकडी घरे, सरकते दरवाजे, जमिनीवर पेंढ्याच्या तातामी चटया. ती जाळायची, विझवायची, पुन्हा बांधायची, पुन्हा जाळायची. कोणता बॉम्ब अशा घराला सर्वांत लवकर पेटवतो, हे त्यातून ठरवले गेले. घरांचा आराखडा करून देणारा वास्तुशिल्पी अँटोनिन रेमंड हा जपानमध्ये अनेक वर्षे राहून तिथली बांधणी मनापासून शिकलेला माणूस. पुदुच्चेरीला अरविंद आश्रमाची ‘गोलकोंड’ ही देखणी, वारा खेळती ठेवणारी इमारत पाहायला आजही लोक जातात. ती याच रेमंडची. घर कशाने थंड राहते आणि कशाने पेटते, दोन्ही त्याला ठाऊक होते.

भारताचा धागा इथेच संपत नाही. टोकियोच्या हल्ल्याचा सूत्रधार जनरल कर्टिस लेमे मारियानात येण्याआधी, 1944 च्या ऑगस्टपासून, बंगालमध्ये होता. खरगपूर आणि आसपासच्या धावपट्ट्यांवरून बी-29 विमाने हिमालय ओलांडून चीनमधल्या चेंगडूला जात आणि तिथून जपानी लक्ष्यांवर. त्यांचे मुख्यालय हिजलीच्या त्या इमारतीत होते, जिथे 1931 मध्ये ब्रिटिशांनी नि:शस्त्र राजबंद्यांवर गोळीबार करून दोघांना मारले होते आणि जिथे 1951 मध्ये देशातली पहिली आयआयटी सुरू झाली. लेमे तिथे असतानाच, 18 डिसेंबर 1944 रोजी, जपान्यांच्या ताब्यातल्या हांकाऊ या चिनी शहरावर 84 विमानांनी आगीचे बॉम्ब टाकले. शहर दिवसेंदिवस जळत राहिले. टोकियोची रंगीत तालीम चिनी नागरिकांच्या अंगणात झाली, आणि तीही त्यांच्या मित्रराष्ट्राच्या हातून.

जानेवारी 1945 मध्ये लेमेला मारियानातल्या विमानदलाची सूत्रे मिळाली. वय 38. त्याच्या आधीचा अधिकारी हेवूड हॅन्सेल दिवसा, 30 हजार फुटांवरून, कारखान्यांवर नेम धरून बॉम्ब टाकायचा आग्रह धरून होता. त्या उंचीवरचे भन्नाट वारे आणि खालचे ढग यांनी तो नेम कधी लागू दिला नाही. लेमेने सगळेच उलटे केले. रात्री जायचे, 5 ते 9 हजार फुटांवरून जायचे, बहुतेक तोफा उतरवून त्या वजनाचे बॉम्ब भरायचे. बॉम्ब म्हणजे एम-69: हाताएवढी लांब षट्कोनी नळी, आत नापाम, मागे कापडी शेपटी. जुडीच्या जुडी सोडली की ती हवेत सुटते, नळ्या छपरे फोडून आत पडतात आणि काही सेकंदांनी जळता चिकट गोळा दूरवर फेकतात. एकेका विमानात अशा हजारावर नळ्या. चिकटलेला नापाम झटकून जात नाही.

जाळायला निवडलेला भाग म्हणजे शितामाची, ‘खालचे शहर’. कष्टकऱ्यांचे, कारागिरांचे, दुकानदारांचे. दाटीवाटीच्या गल्ल्या, खाली कारखाना आणि वर बिऱ्हाड. मुंबईकराला लालबाग-परळ आठवावे असा. दर चौरस किलोमीटरला चाळीसेक हजार माणसे. अमेरिकी समर्थन असे की प्रत्येक घरात ड्रिल मशीन होते, म्हणजे प्रत्येक घर हाच कारखाना. त्यात तथ्याचा अंश होता. पण हा तर्क मानला तर मग पाळण्यातले मूलसुद्धा कामगार ठरते. 1 सप्टेंबर 1939 रोजी, युद्ध सुरू झाले त्याच दिवशी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लढणाऱ्या देशांना आवाहन केले होते की उघड्या शहरांतल्या नागरिकांवर बॉम्ब टाकू नका. साडेपाच वर्षांत ते आवाहन कुठच्या कुठे गेले. आणि जपाननेही असा संयम कधी पाळलेला नव्हताच: त्या आवाहनाच्या आधी, त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याच्या विमानांनी चोंगचिंग पेटवून हजारो माणसे मारली होती.

9 मार्चच्या रात्री वारा सुटला होता. वायव्येचा, खिडक्या खडखडवणारा. साडेदहाला इशाऱ्याचा भोंगा झाला, दोन विमाने समुद्राकडे निघून गेल्याचे कळले आणि लोक पुन्हा अंथरुणात शिरले. पहिले बॉम्ब 12 वाजून 8 मिनिटांनी पडले. हल्ल्याचा भोंगा वाजला 12 वाजून 15 मिनिटांनी. त्या सात मिनिटांत फुकागावा पेटले होते.

पुढचे वर्णन वाचलेल्यांनी अनेकदा केले आहे आणि त्यात फारसा फरक नाही. आग वाऱ्याने ढकलली जात होती, नंतर आगच स्वतःचा वारा तयार करू लागली. माणसे आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिराकडे धावली, कारण 1923 च्या महाभूकंपानंतरच्या आगीत कान्नोन या देवतेचे ते मंदिर वाचले होते. या वेळी ते जळले. कोतोतोई पुलावर दोन्ही काठांवरून लोक एकमेकांच्या दिशेने पळत आले, मध्येच अडकले आणि ज्वाळा पुलावरून गेल्या. मेइजी-झा या नाट्यगृहाच्या पक्क्या इमारतीत शिरलेले आतच गेले. नदीत उड्या मारणारे कोणी बुडाले, कोणी मार्चच्या गारठ्यात गोठले. वर बी-29 विमाने उष्ण हवेच्या लोटांनी पानासारखी उसळत होती. वैमानिकांना जळत्या मांसाचा वास आला. त्या रात्री अमेरिकेची 14 विमाने गेली.

एक गट विशेष लक्षात राहतो. 1944 च्या उन्हाळ्यापासून टोकियोतली शाळकरी मुले वर्गावार खेडोपाडी हलवली होती. त्यांतली सहावीची मुले शाळा संपल्याच्या समारंभासाठी मार्चच्या सुरुवातीला घरी परतली. आईबापांना भेटून दोन-चार दिवस झाले असतील नसतील, तोच 10 तारीख उगवली.

पण मग माणसे आधीच का पळाली नाहीत? वारा, लाकडी घरे, तीन-साडेतीन महिने चाललेले हल्ले हे सगळे दिसत होते. भोंगा वाजल्यावरही कितीतरी लोक दारात बादली घेऊन उभे का राहिले?

कारण पळणे गुन्हा होता. जपानने 1937 मध्ये हवाई संरक्षण कायदा केला आणि नोव्हेंबर 1941 मध्ये, पर्ल हार्बरच्या तोंडावर, तो कडक केला. शहर सोडून जाण्यास मनाई करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मोडल्यास सहा महिने कैद किंवा 500 येन दंड. बॉम्ब पडला तर घरातल्याने तो विझवलाच पाहिजे, हेही कायद्यात आले. 10-15 घरांचा एक शेजारगट, प्रत्येकाकडे बादल्या, वाळू, भिजवलेल्या चटया, आग झोडपायला काठीला बांधलेल्या दोऱ्यांचे झाडू, डोक्याला कापसाची टोपी. बायका रांगेत उभ्या राहून बादली पुढे देण्याचा सराव करत. सरकारी पुस्तिका सांगत की आगबॉम्बला भिण्याचे कारण नाही, लगेच हात घातला की विझतो. आश्रयाची जागा कुठे, तर घराच्या जमिनीखाली खणलेला खड्डा. म्हणजे बाहेर यायला आणि विझवायला सोपे. घर पेटल्यावर त्याचे काय होणार, हा प्रश्न पुस्तिकेत नव्हता. पळून गेलेल्याची रेशनवर आणि शेजारात काय गत होईल हे मात्र प्रत्येकाला ठाऊक होते. दंडापेक्षा त्याचा धाक मोठा.

हे कोणालाच दिसत नव्हते असे मानायचे कारण नाही. 11 ऑगस्ट 1933 रोजी नागानोच्या ‘शिनानो माइनिची’ या वृत्तपत्रात एक अग्रलेख आला. टोकियो परिसरात तेव्हा हवाई संरक्षणाचा मोठा सराव चालू होता. संपादक किर्यू युयू यांनी त्याची टर उडवली. त्यांचा मुद्दा साधा होता: शत्रूची विमाने टोकियोच्या डोक्यावर आली याचा अर्थच आपली फौज हरली, त्यातली थोडी जरी निसटून बॉम्ब टाकू शकली तरी हे लाकडी शहर बघता बघता राखरांगोळी होईल आणि भूकंपावेळची पळापळ पुन्हा होईल, तेव्हा विमाने समुद्रावरच अडवायची नसतील तर दिवे मालवण्याच्या कवायतीला काही अर्थ नाही. माजी सैनिकांच्या संघटनेने बहिष्काराची धमकी दिली. मालकांनी नमते घेतले, किर्यूंना नोकरी सोडावी लागली. पुढे नागोयाजवळ राहून ते एक छोटे नियतकालिक स्वतः काढत राहिले. सेन्सॉर त्याच्या मागे हात धुऊन लागलेला असे. सप्टेंबर 1941 मध्ये ते वारले. सोळा ओळींत सांगता येईल असे सत्य होते, त्याला बारा वर्षांनी 41 चौरस किलोमीटरची पुष्टी मिळाली.

आपल्याकडे मे 2025 मध्ये देशभर नागरी संरक्षणाचे सराव झाले, मुंबईतही भोंगे वाजले. 1971 चा ब्लॅकआउट आठवणाऱ्या पिढीने खिडक्यांना लावलेल्या काळ्या कागदांच्या गोष्टी पुन्हा काढल्या. सराव करण्यात काही गैर नाही, तो करावाच. पण सराव लोकांना वाचवण्यासाठी आहे की जागेवर धरून ठेवण्यासाठी, हा किर्यूंचा प्रश्न कोणत्याही भोंग्याखाली विचारण्यासारखा आहे.

टोकियोनंतर जपानी सरकार शहाणे झाले असावे, असे वाटणे स्वाभाविक. तसे झाले नाही. पुढच्या दहा दिवसांत नागोया, ओसाका, कोबे आणि पुन्हा नागोया पेटले. अमेरिकी विमाने थांबली ती बॉम्ब संपले म्हणून. उन्हाळ्यात हल्ले लहान शहरांवर आले. होन्शूच्या उत्तर टोकाला आओमोरीत घाबरलेले लोक डोंगरांत जाऊन राहिले होते. अधिकाऱ्यांनी जाहीर केले की 28 जुलैपर्यंत परत या, नाहीतर नाव यादीतून काढू आणि रेशन बंद करू. लोक परतले. बॉम्ब 28 जुलैच्या रात्रीच पडले आणि हजारावर माणसे मेली. टोकियोच्या बाबतीत निदान म्हणता येते की एवढी मोठी आग कोणी कल्पिली नव्हती. आओमोरीला तीही सबब उरत नाही.

म्हणजे युद्ध चालू असताना सरकारचे म्हणणे असे की शहरातला प्रत्येक माणूस हा सैनिकच आहे. घर ही त्याची चौकी आणि चौकी सोडणे हा पळपुटेपणा. युद्ध संपल्यावर हेच सरकार काय म्हणाले, ते पाहिले की खरा राग येतो.

1952 मध्ये जखमी सैनिक आणि त्यांच्या वारसांसाठी मदतीचा कायदा झाला, पुढच्या वर्षी लष्करी निवृत्तिवेतन पुन्हा सुरू झाले. आजवर या खात्यावर खर्च झालेली रक्कम सुमारे 60 लाख कोटी येन सांगितली जाते. बादली घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बाईला, तिच्या पोरक्या मुलांना, हात गमावलेल्या शेजाऱ्याला काही नाही. का, तर त्यांचे सरकारशी नोकरीचे नाते नव्हते. अणुबॉम्बच्या पीडितांसाठी पुढे वेगळे कायदे झाले. आगीत जळालेल्यांसाठी तेही नाहीत. 1948 च्या सरकारी पाहणीत देशात 1 लाख 23 हजारांहून अधिक अनाथ मुले मोजली गेली. टोकियोतली कित्येक उएनो स्थानकाच्या भुयारी मार्गात झोपत. कर्तव्य सांगताना जो सैनिक होता, तो भरपाईच्या खिडकीशी आल्यावर अचानक साधा नागरिक झाला.

नागोयाच्या सुगियामा चिसाको यांचा डावा डोळा मार्च 1945 च्या हल्ल्यात गेला. 1972 मध्ये त्यांनी अशा जखमींची संघटना उभी केली, डोळ्यावर पांढरी पट्टी लावून त्या संसदेच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. नागरिकांसाठीचे मदत विधेयक 1973 ते 1989 या काळात 14 वेळा मांडले गेले आणि 14 वेळा पडले. 2016 मध्ये, वयाच्या 101 व्या वर्षी, त्या गेल्या. दरम्यान 1987 मध्ये नागोयाच्या पीडितांचा दावा फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की युद्धातले नुकसान हे सगळ्या जनतेने सारखेच सोसायचे असते. सारखेच! शब्द विधीचा असला तरी सैनिकांच्या वेतनाचा हिशेब समोर ठेवून वाचला की थट्टा वाटते. टोकियोच्या 112 जणांनी 2007 मध्ये खटला भरला. जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालय, तिन्ही ठिकाणी हरले. सर्वपक्षीय खासदारांच्या गटाने जखमींना एकरकमी 5 लाख येन देण्याचा मसुदा तयार केला होता. हल्ल्याला ऐंशी वर्षे झाली तेव्हाही त्याचा कायदा झालेला नव्हता. जर्मनीने 1950 च्या कायद्यात नागरिक आणि सैनिक असा भेद ठेवला नाही. ब्रिटनने तर जखमी नागरिकांची तरतूद 1939 मध्येच केली होती. तेव्हा पैसे नव्हते किंवा पायंडा नव्हता, ही दोन्ही कारणे टिकत नाहीत. पैशापेक्षा सरकारला अडचण कबुलीची असावी. भरपाई दिली की ‘पळू नका’ हा हुकूम कोणाचा होता, हेही लिहून द्यावे लागते.

याच सरकारने डिसेंबर 1964 मध्ये लेमेला उगवत्या सूर्याचा पहिल्या श्रेणीचा सन्मान दिला. कारण: जपानचे नवे हवाई दल उभारण्यात त्याने केलेली मदत. मृतांना आठवून निषेध झाला, सन्मान मागे घेतला गेला नाही. खुद्द लेमेचा सूर वेगळा होता. त्याच्या हाताखाली आकडेमोड केलेले आणि पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झालेले रॉबर्ट मॅक्नमारा यांनी 2003 च्या एका माहितीपटात सांगितले की, आपण युद्ध हरलो असतो तर आपल्यावर युद्धगुन्हेगार म्हणून खटले चालले असते, असे लेमे म्हणे. आणि मॅक्नमारांना ते पटत होते. गुन्हा करणाऱ्याला गुन्ह्याची जाणीव असावी आणि ज्याच्यावर गुन्हा झाला त्याच्या सरकारने पदक द्यावे, असा हा उलटा न्याय.

त्या रात्रीची छायाचित्रे आहेत ती पोलीस खात्याच्या इशिकावा कोयो यांच्यामुळे. सामान्य माणसाला कॅमेरा बाहेर काढायची परवानगी नव्हती, त्यांना होती. कोळसा झालेल्या आईच्या पाठीवर मूल होते तेवढाच भाग न जळलेला, हे जगाला त्यांच्या कॅमेऱ्याने दाखवले. युद्धानंतर निगेटिव्ह अमेरिकी प्रशासनाच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांनी त्या घराच्या अंगणात पुरून ठेवल्या. बाराव्या वर्षी त्या आगीतून वाचलेले लेखक साओतोमे कात्सुमोतो यांनी 1970 पासून वाचलेल्यांच्या आठवणी गोळा करायला सुरुवात केली. टोकियो महानगर शासनाने शांतता संग्रहालयाची योजना आखली, 1999 मध्ये ती गोठवली. शेवटी लोकवर्गणीतून, दान मिळालेल्या जागेवर, 2002 मध्ये कोतो भागात एक लहानसे केंद्र उभे राहिले.

आणि मृत? आधी त्यांना उद्यानांत घाईघाईने पुरले होते. 1948 पासून ते उकरून दहन केले गेले आणि राख योकोआमिचो उद्यानातल्या स्मृतिभवनात नेली. ते भवन 1930 मध्ये 1923 च्या भूकंपातल्या मृतांसाठी बांधलेले. ज्या मैदानावर त्या वेळी सुमारे 38 हजार माणसे आगीच्या वावटळीत मेली, तिथेच. 1945 च्या मृतांना त्यातच जागा करून दिली आणि 1951 मध्ये वास्तूचे नाव बदलले. दरवर्षी तिथे दोन दिवस प्रार्थना होते: 1 सप्टेंबर आणि 10 मार्च. निसर्गाने मारलेले आणि माणसाने मारलेले एकाच छपराखाली आहेत. हवाई हल्ल्यांतल्या नागरिकांसाठी देशाच्या सरकारने टोकियोत वेगळे स्मारकभवन बांधलेले नाही.